सुधाताईंना मत द्या!

वॉर्डाची निवडणूक होऊन दोन वर्षं झाली. तो विषय पुन्हा काढायचा नाही, असं आमचं ठरलेलं. पण काशीतल्या आमच्या दूधविनायकच्या नाक्यावर चहाला उभे राहिलो की कोणीतरी म्हणतंच, "ते आठवतं का रे?" आणि चहा गार होतो.

आमच्या गल्लीतलं गटार वर्षभर तुंबलेलं होतं. नळालासुद्धा वास यायचा. शेवटी शाळेतून रिटायर झालेल्या सुधाताई अपक्ष उभ्या राहिल्या. कार्यकर्ते तीन. रोज जोर-बैठका काढणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले बंडूकाका, कॉलेजात शिकणारी मंजिरी, आणि घरी शिकवण्या घेणारा मी. तिघांपैकी एकानेही आयुष्यात कुठला झेंडा धरला नव्हता.

*

पहिलं दार बंडूकाकांनी ठोठावलं. भाषण पाठ करून आले होते. गटार, नळ, दिवे, सगळं सांगितलं. घरमालकाने हात जोडून शेवटपर्यंत ऐकलं.

"बहुत बढ़िया बोले चाचा. पार्टी कौन सी है?"

"निर्दलीय," काकांनी 'अपक्ष'चं हिंदी केलं.

"अच्छा!" त्याचा जीव भांड्यात पडला. "मतलब लड़ नहीं रहे हैं!"

*

मराठी घरं आपलीच, असा आमचा हिशेब. एका वृद्ध गुरुजींकडे गेलो. मी मराठीत मत मागितलं, तर त्यांचे डोळे भरून आले.

"चार पिढ्या काशीत गेल्या रे. मत मागायला मराठीत कोणी आलं नव्हतं!"

वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

"पण बेटा, मागितलंस मराठीत. आम्हाला राहायचं हिंदीतच आहे ना!"

*

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. सुधाताईंनी उत्साहाने राजा घाटावर मीटिंग बोलावली. मंजिरीने चहासाठी मातीचे पन्नास कुल्हड आणून ठेवले.

आम्ही चौघं पोचलो. तासाभराने पाचवा आला. पायरीवर बसला, चहा प्यायला, मग मागे वळून बघत म्हणाला, "और लोग?"

"येतील की," सुधाताई म्हणाल्या.

तो कानकोंडा झाला. "मैडम, हमको तो उधर वालों ने भेजा है, कितने लोग आए, देखने को. अब हम जाकर चार बोलेंगे तो वो समझेंगे, हम आए ही नहीं!"

सुधाताईंनी त्याला दुसरा चहा दिला.

*

मंजिरी आमच्यातली सगळ्यात भारी. एका दुपारी समोरच्या उमेदवाराचा माणूस तिच्या बाबांच्या दुकानात आला. धमकी नाही, काही नाही. पेढ्यांचा पुडा ठेवला आणि म्हणाला, "बिटिया बहुत मेहनत कर रही है. धूप में काली पड़ जाएगी. शादी-वादी करनी है कि नहीं?"

दुसऱ्या दिवशी मंजिरी आली. छत्री घेऊन!

तिसऱ्या दिवशी आली नाही. फोन तिच्या बाबांनी उचलला. "तिला ताप आहे."

ताप निकालाच्या दिवशी उतरला.

*

मतदानाच्या सकाळी तुंबलेलं गटार फुटलं. गल्लीत घोट्याएवढं काळं पाणी. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गोदूआजींना जेमतेम दिसतं, चालवत तर मुळीच नाही. तरी खिडकीतून त्यांचा एकच घोष, "मला मत द्यायचंय!"

बंडूकाकांनी आणि मी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. त्या घाणीतून खुर्ची उचलून बूथपर्यंत नेली. चपला हातात घेऊन सुधाताई मागून चालत होत्या. बूथच्या अलीकडेच त्या थांबल्या. उमेदवाराने मतदाराबरोबर आत गेलेलं बरं दिसणार नाही म्हणाल्या.

आजी बोटाची शाई मिरवत बाहेर आल्या. परतीच्या वाटेवर एकदम खुशीत होत्या.

"ही चपला घेऊन कोण गं?"

"मी इथलीच, आजी," सुधाताई म्हणाल्या.

"बरं झालं आलीस. अगं, ती मास्तरीण उभी राहिलीय ना, तिला पाडायलाच आले मी. ती आली तर गटारासाठी गल्ली चौडी करणार, आमची घरं तोडणार. ते लोक सांगून गेले. या वयात कुठे जाऊ मी?"

बंडूकाका जागीच उभे राहिले. खुर्ची माझ्या बाजूला कलली. आजींनी घाबरून हात पुढे केला, तो सुधाताईंच्या हातात आला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुधाताईंनी माझ्याकडे बघून 'नको' अशी मान हलवली.

"कुठेही जायचं नाही, आजी," त्या म्हणाल्या. "घर तुमचंच आहे. आता घट्ट धरा, जिना आलाय."