तळ्याकाठचे सिमेंटचे बगळे

आमच्या गावच्या तळ्यावर चिंचेची तीन जुनी झाडं होती. पावसाळ्यात त्यांच्यावर बगळ्यांची घरटी असायची. खाली कपडे धुणाऱ्या बायकांच्या अंगावर शीट पडायची, पण त्या कधी कुरकुरल्या नाहीत. बोर्लीच्या बाजाराला जाणारे पाहुणे नाक मुरडतात, याची लाज वाटली ती आम्हा पुरुषांना. तळ्याच्या सुशोभीकरणासाठी अर्ज गेला. त्यावर पहिली सही माझी.

काठाला काँक्रीटची भिंत घालताना आड येणारी मुळं मशीनने तोडली. तिथेच कपडे धूत बसलेली माझी काकी म्हणाली, "मुळंच न्हाय ठेवलीत, तर झाड उभं कशाच्या जिवावर राहील?"

"काकी, तुला त्यातलं काय कळतंय?" मी म्हणालो.

पुढच्याच आषाढात दोन दिवस वारा सुटला आणि तिन्ही चिंचा तळ्यात आडव्या झाल्या. पलीकडच्या काठाला भिंत नव्हती, तिथलं एकही झाड पडलं नाही. बगळ्यांची पिल्लं पाण्यावर तरंगत होती. घाण सुटू नये म्हणून आम्ही ती टोपल्यांनी काढून पुरली. सभा वगैरे कुणी बोलावली नाही.

आता भिंतीवर सिमेंटचे पांढरे बगळे बसवलेत. ते शीट टाकत नाहीत, पाहुणे त्यांच्यासोबत फोटो काढतात. यंदाच्या वाऱ्यात पलीकडच्या काठावरची फांदी उडून येऊन त्यातल्या एकाची मान मोडली, तर दुसऱ्याच दिवशी तातडीची सभा भरली. सगळे हळहळले.

मान बसवायच्या अर्जावरही पहिली सही माझीच आहे.