परत मागितलेलं रक्त

चाळिशीनंतर हातपाय आपोआप हलायला लागतात, तोल जातो, मग माणसं ओळखता येत नाहीत. पेशींत एक बिघडलेलं प्रथिन साचतं आणि मेंदू झिजत जातो. आईबापांकडून मुलांत येणाऱ्या या आजारावर डॉ. अफरीन अकरा वर्षं काम करत होती. निफाडजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरात मात्र तो वीस वर्षं उशिरा यायचा. का, ते सापडलं असतं तर औषधाची वाट दिसली असती.

घरातले कर्ते खंडेराव. त्यांनीच तेवीस जणांना रक्त द्यायला तयार केलं. अट एकच होती, गावाचं नाव कुठे येता कामा नये. अफरीनने शब्द दिला.

तो मोडला तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाने. शेखर सरांनी भाषणात गावाचं नाव घेतलं, पेपरात छापून आलं. घर कोणतं, ते आसपासच्यांनी लगेच ओळखलं. पंधरा दिवसांत खंडेरावांच्या पुतणीचं, स्नेहलचं, ठरलेलं लग्न मोडलं.

अफरीन माफी मागायला गेली, तेव्हा खंडेरावांनी तिला अंगणातच उभं केलं.

"काका, चूक आमची आहे."

"चूक म्हनून मोकळ्या झाल्या तुमी. आमच्या पोरीकडं आता कोनी बघत बी नाय."

"मी काय करू, सांगा."

"आमचं रक्त परत द्या."

रक्त परत देता येत नाही, नष्ट करता येतं. कधीही नकार देता येईल, हे संमतीपत्रातलं वाक्य अफरीनने स्वतःच त्यांना वाचून दाखवलं होतं.

शेखर सर भडकले. "सहा महिन्यांत आपला शोधनिबंध झाला असता. त्या लोकांना काय कळतंय?"

"सगळं कळतंय, सर. आपणच त्यांना फसवलं."

तिने संस्थेच्या नीतिसमितीकडे लेखी तक्रार केली. नमुने नष्ट करण्याचा आदेश निघाला. सरांना नुसती समज मिळाली. त्यानंतर सहकारी तिच्याशी कामापुरतंही बोलेनात. तिचं टेबल सामानाच्या खोलीत गेलं.

तेवीस जणांच्या नळ्या तिने स्वतः नष्ट केल्या. त्याचा दाखला घेऊन ती पुन्हा त्यांच्या गावी गेली. खंडेरावांनी तो वाचला. कागद धरलेली त्यांची बोटं एकसारखी वळवळत होती. तिने पाहिलं, आणि तिने पाहिलेलं त्यांनी पाहिलं. त्यांनी हात पाठीमागे घेतला.

"आता इकडं येऊ नका," ते म्हणाले.

ती पुन्हा कधी तिकडे गेली नाही. त्या घरात आजार उशिरा का यायचा, हा प्रश्न अर्धवटच राहिला. आता ती टाकीतल्या छोट्या माशांवर नव्याने प्रयोग करते, पहिल्या पायरीपासून.

वर्षभराने स्नेहल शहरातल्या द्वारका भागात अफरीनच्या घरी आली. बसली नाही.

"मला तुमचा राग आहे," ती म्हणाली. "पण मला तो आजार होणार का, हे दुसऱ्या कुणाला विचारू?"

अफरीनने तिला दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. "तपासणीआधी ते तुझ्याशी सविस्तर बोलतील. निकाल फक्त तुला मिळेल. मलाही सांगू नकोस."

"नाहीच सांगणार," स्नेहल म्हणाली आणि जिना उतरून गेली.