मध्ये कसं पडावं

आमच्या कॉलेजात मुलांना मध्ये पडायला शिकवणारं शिबिर झालं. म्हणजे बसमध्ये, स्टॉपवर, कँटीनमध्ये कुणी एखाद्या मुलीला त्रास देत असेल, तर आजूबाजूच्यांनी नुसती बघ्याची भूमिका न घेता काय करायचं, त्याचं शिक्षण. शहरातून एक बाई आल्या होत्या आणि त्यांनी शिकवलंही चांगलं. मी अकाउंट्स शिकवते, पण तक्रार समितीत माझं नाव, त्यामुळे खुर्च्या मांडण्यापासून सगळं माझ्याच गळ्यात. प्राचार्यांना फक्त फोटो हवे होते. बॅनर सरळ दिसतोय ना, एवढीच त्यांची चौकशी.

बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, त्रास देणाऱ्याला बाजूला करा, आणि मग पुढचं काहीही करण्याआधी त्या मुलीला विचारा, तुला काय हवंय. पोरांनी माना डोलावल्या. मला वाटलं, चला, काहीतरी डोक्यात शिरलं. कसलं काय, पालथ्या घड्यावर पाणी.

थोड्याच दिवसांत पिरंगुटच्या स्टॉपवर आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा एकानं हात धरला. बरेच दिवस तो मोटरसायकल घेऊन तिच्या मागे होता. मुलगी आतल्या गावातली, घरात बारावीच्या पुढे गेलेली पहिलीच. शिबिराला बसलेली, तिच्याच वर्गातली दोन पोरं तिथं उभी होती. ती खरंच मध्ये पडली. हात सोडवला, त्याला हाकलून लावलं. इथपर्यंत मी त्यांची पाठ थोपटली असती. पण पुढे यांनी काय करावं? मुलीच्या थोरल्या चुलत्याला फोन लावला.

आमच्याकडे ही रीतच आहे. पोरीचं काही झालं की आधी तिच्या घरच्या कर्त्या पुरुषाला कळवायचं, नाहीतर तोच उद्या म्हणणार, आम्हाला का नाही सांगितलं. चुलत्याकडून भावकीला कळलं, भावकीकडून गावाला. दुसऱ्या दिवसापासून मुलीचं कॉलेज बंद.

मी त्या दोघांना बोलावून घेतलं. “फोन करण्याआधी तिला विचारलं होतं का?”

“तिला काय इचारायचं, मॅडम?” त्यातला एक म्हणाला. “तिच्या घरच्यास्नीच सांगितलं की आमी.”

आणि दोघंही शाबासकीची वाट बघत उभे. माझं डोकं असं सणकलं, पण यांच्यावर ओरडायचं तरी काय म्हणून? चांगलंच करायला गेले होते बिचारे.

परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून रविवारी मी तिच्या घरी गेले. ओट्यावर चुलता बसला होता, शेजारी तिचे वडील. वडील थोरल्या भावापुढे तोंड उघडत नाहीत, हे तिच्याकडूनच कधीतरी ऐकलं होतं. तसंच झालं.

“निदान परीक्षेला तरी पाठवा,” मी म्हटलं.

“पोरीचं काम हाय, मॅडम. उद्या काय झालं तर तुमी येनार हाय का?”

“ज्यानं हात धरला, त्याचं काय केलंत?”

“त्याच्या बापाशी बोललोय. वळखीची मान्सं हायेत. पोरगं हाय, हुतं आसं.”

“मग शिक्षा हिलाच का?”

“शिक्षा कसली? घरातच हाय नव्हं ती? म्होरल्या आठवड्यात बघायला येनारेत.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी भांडले. कॉलेजात न्यायची-आणायची जबाबदारी घेते म्हटलं, तक्रार द्यायला बरोबर येते म्हटलं. बोलता बोलता आवाज चढला, तोही चढू दिला. चुलत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या कपाकडे बघत विचारलं, “च्यात साखर कमी पडली का?” इतकी हतबल मी कुठल्या मीटिंगमध्येही झालेली नाही.

मुलगी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. रडेल असं वाटलं होतं, पण ती रडली नाही. त्या दोन पोरांवर चिडलेलीही नव्हती.

“त्याला बाजूला केला, तेवढं लई झालं हुतं, मॅडम,” ती म्हणाली. “बस लागलेलीच हुती. मी ‘घरी नका सांगू’ म्हनत हुते, पन त्यांचा फोन लागला हुता. मला नुसतं बसमदी बसू द्यायचं. सकाळी मी परत कॉलेजात आले आसते.”