टेस्टिंगच्या गाडीतले आम्ही तिघं

आमच्या टेस्टिंगच्या नोकरीत काम थोडं आणि थांबणं फार. परमिट येईपर्यंत थांबा, लाइन बंद होईपर्यंत थांबा, कुणीतरी चावी आणेपर्यंत थांबा. या थांबण्यातच किस्से साचतात. आमच्याकडे तर इतके साचलेत, की घरी सांगायला बसले की माझं जेवण थंड होतं.

आम्ही तिघं. वैरागडे साहेब रिटायरमेंटला आलेले, उईके भाऊ टेक्निशियन, आणि मी पिपरी मेघेची इंजिनियर. वर्धा जिल्ह्यातल्या सबस्टेशनांवर डिफरन्शियल रिलेची सेटिंग करायची, हे आमचं काम. ट्रान्सफॉर्मरमध्ये जेवढा करंट शिरतो, त्या मानानं तो बाहेर पडतो की नाही, यावर हा रिले नजर ठेवतो. मेळ बसला नाही, की आत बिघाड आहे असं समजून क्षणात सगळं बंद करतो.

* * *

बोरगाव मेघेची गोष्ट. उईके भाऊ बाहेर यार्डात बॅटरी लावून वायरिंग सुलटी आहे की उलटी ते बघत होते. मी आत मीटरसमोर. काटा कुठल्या बाजूला उडतो, ते मी फोनवर सांगायचं.

भाऊंच्या बायकोचा, शांताबाईंचा, मधेच त्यांना फोन आला आणि घाईत त्यांच्या हातून दोन्ही कॉल एकत्र जोडले गेले. आम्हा दोघांनाही पत्ता नाही.

मी ओरडले, "भाऊ, उलटी आहे!"

ते म्हणाले, "पुन्हा पाहतो."

"पुन्हा उलटीच!"

घर जवळच होतं. थोड्या वेळात शांताबाई गेटवर हजर, हातात लिंबू-साखरेच्या पाण्याची बाटली. काही केल्या ऐकेनात. "मले समजावू नका, दोनदा झाली ते म्या सोता आइकली," म्हणाल्या आणि भाऊंना अर्धी बाटली पाजूनच गेल्या.

उरलेली अर्धी साहेब प्यायले. म्हणाले, "आता वायर सुलटी करा. बाई पुन्हा आल्या तं मले पोटात जागा नाई."

* * *

एका खेड्यातल्या सबस्टेशनवर ट्रान्सफॉर्मर बदलला होता. आदल्या दिवसापासून गावात वीज नव्हती. ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीची ओळख आमच्यात घड्याळाच्या काट्यावरून सांगतात. सेटिंग करताना साहेब ओट्यावरून मला बजावत होते, "अकराचा आहे हा, ध्यानात ठेव. अकराचा."

गेटवर उभ्या असलेल्या चक्कीवाल्या बाईंनी ते ऐकलं आणि गावात सांगितलं, अकराला लाइट येते.

साडेदहापासून माणसं गोळा व्हायला लागली. आमच्या अंदाजानं दुपार सहज होणार होती. मी गेटवर जाऊन खुलासा करते म्हटलं, तर साहेबांनी अडवलं. म्हणाले, "दळणं घेऊन आल्या त्या बाया. आता कुठी वापस पाठवतं त्याईले?" चहा राहिला, नाश्त्याची पोटली तशीच राहिली. तपासणी एकही सोडली नाही, फक्त हात चालवले. अकराला पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे असतील, चक्कीचा आवाज आला.

निघताना एका म्हाताऱ्या बाबांनी गाडीच्या खिडकीत डोकं घातलं. फार नम्रपणे म्हणाले, "साहेब, पुढच्या बारीले आठचा आना."

* * *

हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये नवा रिले लावला. कापसाचा सीझन जोरात होता. लोड वाढला आणि रिलेनं सगळी जिनिंग बंद केली. आम्हाला मिळालेल्या ड्रॉइंगमधला एक आकडा जुना निघाला. साहेब आणि भाऊ तो शोधत होते, मी बाहेर आले.

कामावरच्या बाया सावलीत बसल्या होत्या. भुवयांवर कापूस. एका आजीबाईंनी मला बाजूला बसवलं, ओटीतली बोरं दिली आणि मशीन काऊन थांबली म्हणून विचारलं. मी सांगितलं, आतबाहेरचा मेळ बसला नाही की ती आपोआप थांबते.

"कोनाले न इचारता?"

"हो."

त्यांनी बोराची बी थुंकली. "बाईच्या अंगात असं नाई ना बसवत पोरी, कोनी?"

मशीन सुरू झाली तसं त्यांनी तोंडाला फडकं बांधलं आणि आत गेल्या.

* * *

हा किस्सा मे महिन्यातला. साहेब रजेवर होते. काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. ऐन दुपारी काकू होत्या त्याच हॉस्पिटलला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा रिले ट्रिप झाला. जनरेटरवर ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू चालत होतं. वॉर्डातले पंखे बंद.

मी आणि उईके भाऊ धावलो. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. वरून फोन, खोटा ट्रिप असेल, लावून टाका. भाऊ घाम पुसत म्हणाले, "मॅडम, काकू गर्मीत पडल्या असतीन."

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी ट्रान्सफॉर्मरचं तेल विचारलं, आवाज विचारला. मग विचारलं, "टेस्ट झाली काय?"

"नाही साहेब. पण काकू तिथं..."

 फोनमध्ये मागून वॉर्डातल्या बायांचा कलकलाट ऐकू येत होता.

"टेस्ट करा," म्हणाले, आणि फोन ठेवला.

ट्रान्सफॉर्मर चांगला निघाला. यार्डातल्या एका डब्यात रिलेकडे जाणारी वायर गंजून तुटलेली सापडली. ती जोडून, पुन्हा सगळं तपासून, लाइन सुरू करेपर्यंत उन्हं कलली होती.

पुढचं आम्हाला दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा सिस्टरनं सांगितलं. साहेब दुपारभर एक्स-रेच्या पाकिटानं काकूंना वारा घालत होते. आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया लाइटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या, आणि साहेब खाली मान घालून वारा घालत होते. फोनवरचं बोलणं काकूंनी पडल्या पडल्या ऐकलेलं.  मग साहेबांचं मनगट धरलं, शेजारच्या बाईकडे मान वळवली आणि म्हणाल्या,

"नाई त काय व बाई. या लाइटवाल्यायच्या घरी कोनी बिमारच पडत नसन."