अठरा टालरचं रिव्हॉल्व्हर

निवृत्तीनंतरचं माझं पोस्टिंग जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमला झालं. ऑर्डर मुलीची, तिकीट जावयाचं. थंडीचा कोट मात्र फौजेसारखाच अंगापेक्षा मोठा मिळाला. तक्रार कुणाकडे करायची हेही फौजेसारखंच कळलं नाही.

मी इन्फंट्री बटालियनमध्ये आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे हत्यारांचा मेकॅनिक. सुभेदार होऊन घरी आलो. लोक विचारतात, सीमेवर भीती वाटायची का? वाटायची. पण ती भीती पोस्टिंग संपलं की संपायची. एक भीती मात्र सामानाबरोबर इथवर आली. ज्या हत्याराबद्दल कुणी "रिकामं आहे" असं सांगतं, त्या हत्याराची मला भीती वाटते. भरलेलं हत्यार बरं. त्याला सगळेच जपून असतात.

माझे व्याही डीटर शेजारच्या गावात राहतात. गाड्यांच्या कारखान्यात टूलरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलं. हात माझ्यापेक्षा स्थिर, बोलणं माझ्यापेक्षा कमी. छंद जुन्या रिव्हॉल्व्हरांचा. पोलादी कपाट, कागदपत्रं, किल्ली स्वतःच्या खिशात. सगळं नियमात. रायफल, कार्बाइन आणि एलएमजी मी डोळे मिटून खोलल्या आहेत. पण दीडशे वर्षांपूर्वीचं रिव्हॉल्व्हर मी त्यांच्याच घरी पहिल्यांदा पाहिलं. त्या विषयात ते गुरू आणि मी रिक्रूट.

त्यांची एक तऱ्हा होती. या वस्तूचे आज किती येतील, असं विचारलेलं त्यांना खपत नसे. त्यांना रस पहिल्या किमतीत. ते रिव्हॉल्व्हर नवं कोरं दुकानात ठेवलं होतं तेव्हा गिऱ्हाइकाने काय मोजलं? त्यासाठी ते जुने कॅटलॉग जमवत, पेट्यांवरची लेबलं भिंगाखाली धरत. आजची किंमत हौशी वेडे ठरवतात, पहिल्या किमतीवरून तो माणूस कोण होता ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही गेलो की कॉफी आणि केक झाल्यावर एखादं रिव्हॉल्व्हर बाहेर यायचं. प्रत्येकाने पहिली किंमत ओळखायची. जो जवळ जाईल त्याला ते हातात धरायचा मान. मी नेहमी हरायचो. आमच्या आठवडी बाजारातली घासाघीस अंगात भिनलेली, त्यामुळे माझा आकडा कायम निम्म्यावर. विहीणबाई उर्सुला हसायच्या. म्हणायच्या, दुकानदार यांच्यासमोर रडेल.

त्या वर्षी खंडेनवमी सुट्टीच्या दिवशी आली. माझी मुलगी मृणाल हिने सासरी सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे या दिवशी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करतात. व्याह्यांना ही कल्पना फारच आवडली. आम्ही पोचलो तर टेबलावर पांढरं कापड. त्यावर त्यांच्या कानशी, मायक्रोमीटर, छोटी हातोडी ओळीने मांडलेली. मधोमध मखमलीच्या पेटीत एक नवं आणलेलं रिव्हॉल्व्हर. संग्राहकांच्या बाजारात महिन्यापूर्वीच मिळालं होतं. झेंडू मिळाला नाही म्हणून पिवळी शेवंती आणलेली. मला भरून आलं. परक्या मुलखात व्याह्याने आपल्या सणाचा एवढा मान ठेवावा, आणखी काय हवं?

आणि त्याच क्षणी माझी नजर त्या रिव्हॉल्व्हरवर अडकली. त्याचं कारण सांगायला मला मागे जावं लागेल.

उत्तरेकडच्या एका ठाण्यावर आम्ही होतो. खंडेनवमीच्या सकाळी कोतमधून, म्हणजे हत्यारांच्या खोलीतून, हत्यारं बाहेर काढून पुसायची, मांडायची आणि पूजा करायची हा युनिटचा रिवाज. मी एका बाजूला रायफली तपासत होतो. दुसऱ्या टोकाला एका जवानाने पिस्तूल उचललं. शेजाऱ्याने सांगितलं, "रिकामं आहे, मी पाहिलंय." त्याने चाप ओढला. समोरून नाईक शंकर जगदाळे फुलांची टोपली घेऊन आत येत होता. तो हत्यारांच्या कामाला नव्हताही. फुलं पोचवायला आला होता. हेलिकॉप्टर येईपर्यंत तो राहिला नाही.

तेव्हापासून माझा एक नियम. हत्यार घेताना आणि देताना उघडून स्वतः पाहायचं. देव येऊन रिकामं म्हणाला तरी पाहायचं. तसा तो फौजेचाच नियम आहे. माझ्यात तो भीती होऊन बसला.

आता व्याह्यांच्या टेबलाकडे येतो.

हे रिव्हॉल्व्हर काडतुसाचं नव्हतं. त्याच्या चक्रात सहा घरं. प्रत्येक घरात समोरून सुटी दारू ओतायची, वर गोळी ठासायची, वरून चरबी लावायची. मागे प्रत्येक घराला एक बोंडी. बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाते. व्याह्यांनी मला हे सगळं समजावून सांगितलं. चक्राची तोंडं काळ्या, कडक झालेल्या वंगणाने बुजलेली होती. ते का साफ केलं नाही, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. मूळ अवस्थेला हात लावायचा नसतो. संग्राहकांचा तो पहिला नियम.

मी मृणालला हळूच म्हटलं, रिकामं आहे ना, विचार. तिने विचारलं. व्याही म्हणाले, "नातुर्लिश." अर्थात, म्हणजे.

इथे मी गप्प बसलो. फौजेत असतो तर तिथेच हत्यार हातात घेतलं असतं. पण मी मुलीचा बाप, तिच्या सासरी बसलेलो. यजमानाने शब्द दिल्यावर तो पुन्हा तपासायचा म्हणजे त्याला खोटं पाडायचं. आईने लहानपणापासून कानीकपाळी ओरडून शिकवलेलं, लेकीच्या घरी आवाज चढवू नये. मी कॉफीचा कप उचलला.

खेळ सुरू झाला. माझा जावई याकोब म्हणाला, साठ टालर, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी. मी म्हणालो, आठ. मृणालने जरा विचार केला. कारागिराला परवडेल असं नसणार, पण साधी नक्षीही नाही, म्हणजे फार श्रीमंताचंही नाही. वीस, ती म्हणाली. व्याह्यांनी पेटीचं झाकण प्रकाशात धरलं. आतल्या बाजूला कोलोनच्या एका दुकानाचं पिवळं पडलेलं लेबल. त्यावर शाईने लिहिलेलं, अठरा टालर. मृणालने टाळी वाजवली.

मग व्याही उठले आणि एक छोटी डबी घेऊन आले. सणाला बंदुकीची सलामी देतात, असं त्यांनी कुठे तरी वाचलं होतं. डबीत तांब्याच्या नव्या टोप्या. दारू नाही, गोळी नाही, नुसती टोपी वाजवायची. आपल्या दिवाळीच्या टिकलीएवढा आवाज. त्यांनी एक टोपी बोंडीवर बसवली आणि रिव्हॉल्व्हर सुनेच्या हातात दिलं. केवढ्या कौतुकाने दिलं.

मी स्वतःला समजावत होतो. म्हातारा झालास, इथे कसली कोत नि कसलं पिस्तूल. दीडशे वर्षांची वस्तू आहे. यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

मृणालने दोन्ही हातांनी घोडा मागे ओढला. टेबलाच्या पलीकडे याकोब पाठमोरा होता. तो वळला. त्याच्या हातात शेवंतीची परडी होती.

"थम!"

परेड ग्राउंडवरचा आवाज. निवृत्तीनंतर तो निघाला नव्हता, घरात तर कधीच नाही. मृणाल छावणीत वाढलेली मुलगी. ती जागच्या जागी थिजली.

"बोट बाहेर."

तिने चापावरून बोट काढलं.

"नळी जमिनीकडे. याकोब, बाजूला."

जावयाला मराठी जेमतेम येतं. पण तो बाजूला झाला. मी उठून तिच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं. नळी बागेच्या भिंतीकडे केली, घोडा अंगठ्याने धरून व्याह्यांनी शिकवलं होतं तसा अलगद सोडला आणि टोपी नखाने काढली.

व्याह्यांचा चेहरा लाल झाला होता. "बाबा, काय केलंत हे," मृणाल म्हणाली. "त्यांना अपमान वाटलाय. आल्झो... म्हणजे, रिकामंच आहे ते."

मी म्हटलं, "असेल. मला दाखवा."

त्यांच्या नजरेला नजर देऊन मी हात जोडले. एवढंच करता येण्यासारखं होतं. मग विहीणबाईंना खुणेने एक बारीक काडी मागितली. त्यांनी विणकामाची बांबूची सुई आणून दिली. व्याह्यांनी ती माझ्या हातातून घेतली. मला खोटं पाडायचं होतं त्यांना, आणि मीही मनात तेच मागत होतो. देवा, मी खोटा ठरू दे.

त्यांनी चक्र फिरवून पहिल्या घरात सुई घातली. वंगणाचा पापुद्रा तुटला, सुई तळाला टेकली. कुठवर गेली तिथे त्यांनी नख धरलं. पुढचं घर तेवढंच खोल. त्याच्या पुढचंही. ते माझ्याकडे पाहून किंचित हसले. चौथ्या घरात सुई निम्म्यावर थांबली.

त्यांनी ती काढली. पुन्हा घातली. पुन्हा तिथेच. हलकेच ठोकून पाहिलं. बांबू शिशावर वाजला तसा बोदा आवाज आला. त्यांच्या चेहऱ्याचा लाल रंग उतरत गेला, तो मी पाहिला. त्यांनी रिव्हॉल्व्हर कापडावर ठेवलं, भिंतीकडे तोंड करून, आणि एकच शब्द म्हणाले.

"राउस." बाहेर.

आम्ही सगळे बागेत जाऊन उभे राहिलो. याकोबच्या हातात परडी तशीच होती. मृणाल त्याच्या कोटाची बाही धरून उभी होती आणि रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

टोपी नेमकी कोणत्या घरावर बसवली होती? मी ती घाईत काढली, मग चक्र फिरलं. आजही ते कोणाला सांगता येत नाही. सहांतलं एक. मृणालने मला हे एकदाच विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि व्याही एका बंदूक-कारागिराकडे गेलो. त्याने बोंडी काढून गोळी मागून ढकलली. दारूचे काळे दाणे बशीत पडले, कोरडे ठणठणीत. त्याने चिमूटभर दारू अंगणातल्या फरशीवर ठेवून काडी लावली. भप्पकन ज्वाळा उठली. व्याही दोन पावलं मागे सरले. परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? माझ्या मोडक्या इंग्रजीत मी म्हणालो, मला काही कळलं नव्हतं. मी घाबरलो होतो. मग शंकरची हकीकत सांगितली.

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मग त्यांनी विचारलं, त्या पिस्तुलाचं पुढे काय झालं?

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. चौकशी झाली. पिस्तूल तपासायला माझ्याकडेच आलं. मी ते पूर्ण खोललं. स्प्रिंग ठीक, चाप ठीक, सेफ्टी ठीक. दोष सापडावा म्हणून मी शोधत राहिलो. सापडला नाही. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, हत्यार वापरण्यायोग्य. ते त्याच रॅकवर, त्याच नंबराखाली परत गेलं. पुढच्या खंडेनवमीला त्यालाही हळदकुंकू वाहायचं होतं. मीच वाहिलं.

आता व्याह्यांकडचा खेळ सुरू होण्याआधी विणकामाची सुई फिरते. आधी ते स्वतः पाहतात, मग याकोब, मग मृणाल, शेवटी मी. त्यानंतर किंमत. माझे आकडे अजूनही चुकतात. खंडेनवमीला कानशी मांडतात, मायक्रोमीटर मांडतात, शेवंतीची फुलं वाहतात. टेबलाच्या कडेला, सगळ्या हत्यारांपासून लांब, एक रिकामी खुर्ची ठेवतात. तिच्यावर फुलांची भरलेली परडी असते. ही कल्पना व्याह्यांची. गेल्या वर्षी त्यांनी मला ते नाव नीट म्हणायला शिकवा, असं सांगितलं. त्यांना ज जमेना, ळ तर मुळीच नाही. तरी उभे राहून, पाय जोडून, त्यांनी ते पूर्ण म्हटलं. नाईक शंकर जगदाळे.