रडारवाले पाव्हणे

पुण्याहून निघताना मी छत्री घेतली नाही. मोबाइलमध्ये रडार होतं. पाऊस कुठे आहे आणि कुठे सरकतोय, हे त्यात रंगांनी दिसतं. हिरवा म्हणजे भुरभुर, लाल म्हणजे पळा. वडीगोद्रीला एसटीतून उतरलो तेव्हा त्यात सगळा जालना जिल्हा कोरडा ठणठणीत होता आणि मी हायवेवरच्या एका टपरीत भिजून उभा होतो. ढग फारच लहान असावा, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दाजी मोटारसायकलवर घ्यायला आले. कुंभार पिंपळगावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि ताडपत्रीखाली झाकलेल्या सोयाबीनच्या सुड्या (कापून रचलेले ढीग) दिसत होत्या. परतीचा पाऊस रोज धाक दाखवत होता.

"गेल्या साली सुडीतच कोंब फुटल्ते," दाजी म्हणाले. "उद्या हडंबा येऊन राह्यलाय. एक दिवस उघाड मिळाली का बस."

हडंबा म्हणजे मळणीयंत्र. मी मोठ्या तोऱ्यात खिशातून रडार काढून दाखवलं.

रात्री अक्कानं येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) आणि भाकरी वाढली. माझा हात धुऊन होईपर्यंत ओट्यावर माणसं जमली होती. शेजारचे भानुदासकाका मोबाइलवर वाकून म्हणाले, "परतूरला आमच्या जावयाच्या रानात पडला का, ते बघा."

"रान नाही दिसत, काका. ढग दिसतात."

"मंग पुण्याहून कशाला आणलं?"

सकाळी हडंबा आला आणि पूर्वेला लाल डाग उगवला. मी ओरडलो, "झाका! येतोय!" रचलेली सुडी पुन्हा झाकली. हडंबेवाला वैतागून दुसऱ्या शेतात गेला. आम्ही सगळे आभाळाकडे बघत बसलो. डाग गोदावरीकडे वळला, नदी ओलांडून बीड जिल्ह्यात गेला आणि आमच्याकडे कडक ऊन पडलं.

"पाव्हणे," दाजी फार आदरानं म्हणाले, "तुमचा पाऊस बीडला उतरला जनू."

दुपारी मिनतवाऱ्या करून हडंबा परत आणला. निम्मी सुडी झाली असेल, तेवढ्यात परतूरच्या अंगाला पुन्हा लाल दिसलं. डोक्यावर मात्र लख्ख ऊन. या वेळी मी ओरडलो नाही. दाजींच्या जवळ जाऊन, वर्गणी मागावी तशा आवाजात सांगितलं.

"सकाळी बी लालच व्हतं की," ते म्हणाले.

अक्कानं माझ्या हातातून मोबाइल घेतला. "हे कुठं चाल्लंय?"

"इकडं."

"बराबर इकडं?"

"आत्तापर्यंत तरी."

तिनं पदर खोचला. "बंद करा मशीन!"

"अगं, थोडंच राह्यलंय," दाजी चिडले. "जल्दी उरकून घेतो. त्याचं बिलकुल खरं नसतंय."

"ताडपत्री टाकून काढायला हातच दुखतील. भिजलेलं वाळवायला ऊन कुठून आणता?"

शेवटचं पोतं शेडमध्ये गेलं आणि वारा सुटला. उरलेल्या सुडीवर टाकलेली ताडपत्री शिडासारखी फुगली. दगड पुरेनात, तेव्हा एका कोपऱ्यावर दाजी, दुसऱ्यावर अक्का, तिसऱ्यावर मी आडवे पडलो. चौथा कोपरा भानुदासकाकांनी धरला. ते पाऊसभर ओरडत होते, "परतूरला पडला म्हणायचा!" वीज लांब नदीकडे कडाडत होती, तरी प्रत्येक वेळी माझी मूठ आवळत होती. अंदाज खरा ठरला याचा आनंद अजिबात झाला नाही. तो तेवढ्यापुरता खोटा ठरला असता तर बरं, असं वाटत होतं.

सुडीची एक कड भिजली. बाकी सगळं वाचलं. चहा पिताना दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आम्ही पाव्हण्याच्या रडारवर चालतो. शंकाच न्हाई घेत." अक्का भाकरीचं पीठ मळत राहिली.

पुण्याला परतलो. निघण्याआधी तेच रडार मी दाजींच्या मोबाइलमध्ये घालून दिलं होतं. तरी रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "पाव्हणे, उद्या कसं काय?" तुमच्याकडेही दिसतंय की, असं मी एकदा म्हणालो.

"दिसतंय हो," ते म्हणाले. "पण चुकलं तर त्याला काय बोलावं?"

रडारला माझी गरज का पडते, ते तेव्हा कळलं. मी अंदाज सांगतो, दाजी शिव्या साठवतात. आमचं आधी एवढं बोलणं कधीच नव्हतं.