काल्याचा मृदंग

वडनेर भोलजीहून आत वळलं की जी दोन-चार खेडी लागतात, त्यातल्या एका गावची समीक्षा. कबड्डीमुळे तिला सगळा तालुका ओळखतो. डावा कोपरा तिचा. चढाईला आलेल्या पोरीने पाय जरा लांब टाकला, की ही वाकून घोटा अशी धरते की समोरची मातीत लोळलीच म्हणून समजा. पण तिच्या आईला, गीताबाईंना, विचारलं तर त्या म्हणत, "कबड्डी नोकरीसाठी हाय तिची. जीव मृदंगात हाय."

जीव मृदंगात गेला तो तुळशीराम आबांमुळे. आबा नात्याचे कोणी नाहीत, शेजारचे. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत. गावच्या देवळात मृदंग वाजवायचा मान त्यांचा. शाळेत असताना समीक्षाचा गुडघा दुखावला आणि अख्खा उन्हाळा ती ओट्यावर बसून राहिली. भिंतीपलीकडे आबा वाजवायचे, ते ऐकून ही तेलाच्या डब्यावर हात चालवायची. एक दिवस आबा भिंतीवरून डोकावले.

"काय करून राह्यली वं?"

"काही नाही आबा."

"काही नाही कसं? मी चुकलो तठी तू बी चुकली. इकडं ये, तो डब्बा सोड."

तेव्हापासून तिच्या बोटांना दोन धनी झाले. कबड्डीचे भाऊराव सर म्हणायचे, मृदंग बडवून बोटं सुजवू नको. आबा म्हणायचे, त्या कबड्डीत एक दिवस बोटं मोडून घेशील. ती दोघांनाही हो म्हणायची. सकाळी मैदानात बोटांना पट्ट्या गुंडाळायची, संध्याकाळी सोडायची. आबांचा स्वतःचा नातू ऋत्विक आळंदीला मृदंगच शिकत होता, पण तो गावी क्वचित यायचा. आबा चारचौघांत म्हणायचे, "नातू त्याच्या जागी. माहे हात म्हंजे ही पोरगी."

एकादशीच्या भजनाला तिने वाजवलेलं गावाला चालायचं. काल्याचं कीर्तन मात्र वेगळं. माघातला सप्ताह, शेवटच्या दिवशी बाहेरून मोठे महाराज येतात, आसपासची गावं लोटतात. त्या दिवशी आबांशिवाय कोणी मृदंग गळ्यात घातलेला समीक्षाने पाहिला नव्हता. यंदा आबांचा हात थरथरू लागला होता. दत्तजयंतीला आरती झाल्यावर गाभाऱ्यासमोर उभं राहून ते गीताबाईंना म्हणाले, "औंदा काल्याले समीक्षा वाजवीन. देवापुढं सांगून राह्यलो, गीता."

गीताबाईंनी पदराने डोळे पुसले. देवापुढे दिलेला शब्द म्हणजे त्यांच्या लेखी झालंच ते काम. समीक्षा आबांच्या पाया पडली.

पुढे संक्रांत झाली, रथसप्तमी आली, आणि मलकापूरच्या स्पर्धेची तारीख लागली. अंतिम सामना नेमका काल्याच्या दिवशी. संघाची कर्णधार काजल गाडी घेऊन घरीच आली.

"काऊन वं, आमी काय तुह्या सावत्र बहिनी हाओत? एक दिवस टाळ नाही कुटले त देव रागावते काय?"

"टाळ नाही. मृदंग."

"तेच ते. डाव्या कोपऱ्यात कोनाले उभी करू मंग? तुह्या आबाले?"

समीक्षाला हसू आलं, पण ती हलली नाही. "शब्द हाय काजल."

"कोनं देल्ला?"

"आबानं."

"त पाळीन तो. तू काऊन पाळून राह्यली?"

भिंतीपलीकडे आबा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सगळं ऐकत होते. काजल चहा न पिता गेली, तेव्हा ते शेंगांवरून नजर न काढता म्हणाले, "देव पाह्यते पोरी सारं."

सप्ताहभर हरिपाठाला तिनेच वाजवलं. काल्याच्या सकाळी आईचं काठाचं लुगडं नेसून ती देवळात आली. मंडपाबाहेर वरण-बट्टीच्या चुली पेटल्या होत्या. आबांनी मृदंग तिच्यापुढे सरकवला. "सुरात आन. माहा हात नाही चालत."

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणिक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. तिने जुनी वाळलेली कणिक खरवडली, ताजी मळली, चिमटी-चिमटीने थापली. उजव्या बाजूला हातोडीने ठोकत पेटीच्या सुराला सूर मिळवला. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला, कपाळाला बुक्का लावलेला ऋत्विक शेजारी येऊन बसला.

"कवा आला रे?" तिला बरंच वाटलं.

"सकायीच उतरलो मलकापूरले. झाला काय सुरात, ताई? द्या."

हात लावून बघायचा असेल, असं समजून तिने स्वतःच्या हाताने मृदंग त्याला दिला. त्याने तो गळ्यात अडकवला आणि महाराजांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. टाळकरी सरकले. त्यांना माहीत होतं.

समीक्षाने आबांकडे पाहिलं. आबा टाळांची दोरी सोडवत होते.

"आबा?"

"तिकडं बस माय, बायाइत. मोठ्या महाराजाच्या संगं नवखा हात जमत नाही."

"हे आज ठरलं?"

आबा पुन्हा दोरीच्या गाठीशी झटू लागले. ऋत्विकच भोळेपणाने वाकून म्हणाला, "नाही ना ताई. आबानं संक्रांतीलेच फोन केला. म्हने, काल्याले तूच पाह्यजे. मी तिकीट बी तवाच काढलं."

संक्रांतीला. म्हणजे काजल येऊन बसली, टोमणे मारून गेली, आणि आबा शेंगा सोलत होते, तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर ती आज मैदानात असती.

ती बायांमध्ये जाऊन बसली. खोटं सांगण्यात अर्थ नाही, ऋत्विक चांगला वाजवत होता. आळंदीचा स्वच्छ हात. तो चुकला असता तर तिला राग तरी धरता आला असता. मांडीवर तिची बोटं चालायला लागली, तशी तिने ती मांडीखाली दाबून धरली.

"औंदा तू वाजवनार व्हती ना वं?" सुभद्राबाईंनी कानाशी विचारलं.

"नव्हतं तसं ठरलं," ती म्हणाली. गीताबाई शेजारीच होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि जपाची माळ पिशवीत ठेवून दिली.

दहीहंडी फुटली, काला वाटला जात होता, तेव्हा काजलचा संदेश आला. हरलो. सारे पॉइंट डावीकडूनच गेले. बस, एवढंच. तिने उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. आबांनी आपल्याला फसवलं, हे खरं. पण पोरींना कोणी फसवलं, ते काय लिहिणार?

कीर्तन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. लहान-मोठं कोणी बघत नाही. समोरच्यातला देव बघायचा, अशी रीत. आबाही दरवर्षी तिच्यापुढे वाकायचे, आणि त्यांचे हात पायापर्यंत पोचायच्या आत ती ते वरच्यावर धरायची, त्यांना उभं करायची आणि मग स्वतः वाकायची.

आजही गर्दीतून वाट काढत आबा तिच्यापुढे आले. डोळ्यांत पाणी होतं. "माउली," म्हणाले आणि वाकले.

तिने हात पुढे केले नाहीत. आबांची बोटं तिच्या पायांना लागली, मग कपाळ लागलं. ती उभीच राहिली, मूर्तीकडे बघत. आबांना गुडघ्यावरून उठता येईना. एक हात जमिनीवर टेकून ते तसेच राहिले. मागची माणसं थांबली. कोणीतरी म्हणालं, "समीक्षा, हात दे ना बाप्पा."

ती बाजूला सरली आणि चपला शोधायला गेली.

शेवटी गीताबाईंनी आबांना दंडाला धरून उठवलं. नीट उभं केलं, धोतराची धूळ झटकली. पाया मात्र त्याही पडल्या नाहीत.